सोबत कोण? सातारा ते होई आन, एकटीने

पासपोर्टसाठी कागद गोळा करायला बसले ती तारीख ३० सप्टेंबर २०२४. व्हिएतनामहून परतून सातारा स्टँडवर उतरले ती १७ मार्च २०२५. मधल्या साडेपाच महिन्यांत काय काय झालं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. माझं वय ५१, शिक्षण बारावी, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं दुकान. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. त्याआधी विमानात एकदाच बसले होते, तेही लेकीबरोबर.

व्हिएतनामच का, तर एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर होई आन गावातली शिंप्यांची दुकानं दाखवली होती. सकाळी माप घेतात, दुसऱ्या दिवशी कपडा हातात देतात. ते बघितल्यापासून माझ्या डोक्यातून गाव जाईना. मैत्रीण बरोबर यायला तयार होती. मग तिच्या सुनेचं बाळंतपण आलं, तिचं रद्द झालं. एका सहल कंपनीत चौकशी केली तर एकटीला वेगळ्या खोलीचे तीस हजार जास्त सांगितले आणि वर विचारलं, "सोबत कोण आहे?" हाच प्रश्न आधी सासूबाईंनी विचारला होता, भावाने विचारला होता. आमचे हे म्हणाले, "मला सुट्टी नाही, पण तू जा." लेक पुण्यात शिकते, तिची परीक्षा होती. तेव्हा ठरवलं, कुणी नाही तर कुणी नाही. भिशीचे पैसे डिसेंबरमध्ये लागणार होते, तोवर कागद करू.

कागदांत पहिलाच अडथळा नावाचा आला. दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं माहेरचं नाव आहे, मधे वडिलांचं नाव. आधार आणि पॅनवर सासरचं, मधे यांचं नाव. लग्न १९९८ चं, नोंदणी कधी केलीच नव्हती. पासपोर्टला आता विवाह प्रमाणपत्राची सक्ती नाही, हे मला माहीत होतं. पण दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला माझ्याकडे दुसरा एकही कागद नव्हता. म्हणून नगरपालिकेत लग्नाची नोंद करायला गेले. लग्नपत्रिका माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. तीन साक्षीदार लागतात, भटजींची सही लागते. आमचे भटजी वारले होते, त्यांच्या मुलाकडून वडिलांच्या निधनाचा कागद घेऊन कार्यालयात विचारलं, तिथे त्यांनी मार्ग सांगितला. उशिराचा दंड भरला. तीन खेपा झाल्या, पण प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी घरी येऊन दोन्ही नावं शेजारीशेजारी कितीदा तरी वाचली. बायकांनो, तुमच्या लग्नाची नोंद नसेल तर पासपोर्ट काढायचा असो वा नसो, ती आधी करून घ्या.

पासपोर्टचा अर्ज १० ऑक्टोबरला ऑनलाइन भरला. ३६ पानी, साधा, फी १५०० रुपये. अर्जात दोन प्रश्न येतात: कधी दुसऱ्या नावाने ओळखल्या जात होता का, आणि नाव कधी बदललंय का. तिथे माहेरचं नाव खरंखरं लिहा. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की पासपोर्ट 'नॉन-ईसीआर' मिळतो, म्हणजे काही ठरावीक देशांत कामासाठी जाताना वेगळी परवानगी काढावी लागत नाही. मला काही कामाला जायचं नव्हतं, पण दहावी पास असताना ती सोय का सोडायची?

पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची २४ ऑक्टोबरची वेळ मिळाली. पहाटेच्या एसटीने गेले. आत गेल्यावर टोकन मिळतं आणि अ, ब, क अशा तीन खिडक्या पार कराव्या लागतात. पहिल्या खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन होतात, दुसरीवर मूळ कागद तपासतात, तिसरीवर अंतिम मंजुरी. 'ब' खिडकीवरच्या बाईंनी विवाह प्रमाणपत्र बघितलं, दोन्ही नावांवर पेन्सिल फिरवली आणि म्हणाल्या, "नीट आहे." एकूण अडीच तास लागले. ठसे पहिल्यांदा उमटेनात, कारण सुईने आणि इस्त्रीने माझी बोटं गुळगुळीत झाली आहेत. तिथल्या मुलाने ओल्या कापडाने बोटं पुसायला सांगितलं, मग उमटले. शिवणकाम किंवा भांडीकाम करणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावावं.

पोलिस पडताळणी मात्र लांबली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, सगळे बंदोबस्तात. निकाल लागल्यावर, २७ नोव्हेंबरला फोन आला. मूळ कागद, झेरॉक्स आणि शेजारच्या दोघांची आधारची प्रत घेऊन ठाण्यात गेले. हवालदार चांगले होते. सगळं लिहून घेतल्यावर म्हणाले, "ताई, कुठं निघालाय? सोबत कोण?" मी म्हटलं, "एकटीच." त्यांनी मान वर करून बघितलं आणि "माझ्या बायकोला पण सांगतो," एवढंच म्हणाले. ११ डिसेंबरला स्पीड पोस्टने पासपोर्ट आला. पोस्टमन पासपोर्ट ज्याच्या नावाचा त्यालाच देतो, म्हणून त्या आठवड्यात दुपारी दुकान सोडून कुठे गेले नाही.

भिशी लागली आणि जानेवारीत विमानाचं तिकीट काढलं. मुंबई ते हनोई, जाऊन-येऊन २६,४०० रुपये. दोन गोष्टी मी हट्टाने पाळल्या. नव्या शहरात उजेडी उतरायचं, आणि पहिल्या दोन रात्रींची खोली आधीच पक्की करायची, तीही बायकांनी लिहिलेले अभिप्राय वाचूनच. त्यामुळे रात्री निघून सकाळी साडेसहाला पोहोचणारं विमान घेतलं.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकदाच प्रवेशाचा असेल तर फी २५ डॉलर, तेव्हाच्या भावाने बँकेचं शुल्क धरून साधारण २२५० रुपये. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन' असा संपतो. तसंच दिसणारी खाजगी संकेतस्थळं भरपूर आहेत आणि ती तिप्पट पैसे घेतात, नीट बघून घ्या. माझी चूक वेगळीच झाली. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं, आणि दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि यांचं नाव एकत्र. मी अर्जात फक्त माझं नाव आणि आडनाव भरलं, यांचं नाव सोडून दिलं. १२ फेब्रुवारीला पैसे भरले आणि रात्री झोपताना लक्षात आलं. भरलेली फी परत मिळत नाही. पासपोर्टवरच्या नावाशी एक अक्षर जुळलं नाही तर विमानतळावर अडवू शकतात, हे सगळीकडे लिहिलेलं होतं. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून दुसरा अर्ज भरला, पुन्हा २५ डॉलर. पासपोर्ट मांडीवर उघडा ठेवून, एकेक अक्षरावर बोट ठेवून. तारीख भरतानाही सावध राहा. आपण मुंबईहून ६ मार्चला रात्री निघतो, पण तिथे उतरतो ७ तारखेला, म्हणून व्हिसा ७ पासून चालतो. उतरायचं ठिकाण निवडावं लागतं, मी हनोईचं नोई बाई विमानतळ निवडलं. पाच दिवसांत मंजुरी आली. दोन प्रती छापल्या, एक पर्समध्ये, एक बॅगेत.

पैशांचं असं केलं: ४०० डॉलर रोख, कोऱ्या नोटा, कारण घडी पडलेल्या किंवा लिहिलेल्या नोटा तिथे बदलायला खळखळ करतात. बाकी फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डवर. आपलं रोजचं डेबिट कार्ड परदेशात चालत नाही, बँकेच्या ॲपमधून ते आपणच चालू करावं लागतं, तेही करून ठेवलं. प्रवास विमा ११८० रुपये. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट घेतल्या.

सोन्याचा विषय मोठा निघाला. सासूबाई म्हणाल्या, मंगळसूत्र काढून जायचं नाही. चौकशी केल्यावर कळलं की अंगावर जास्त सोनं असेल तर जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर परत येताना ते तिकडून विकत आणलंय का अशी विचारणा होऊ शकते. मी सोनं घरीच ठेवलं आणि नुसती काळी पोत घातली. सासूबाईंनी ती स्वतःच्या हाताने ओवून दिली. त्या दिवसानंतर "सोबत कोण" हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही, उलट शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून दिल्या.

मुंबईच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत हात थंड पडले होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, पहिल्यांदाच का, एकट्याच का, परतीचं तिकीट आहे का, राहणार कुठे. मी हिंदीत सुरुवात केली, त्यांच्या छातीवरचं आडनाव वाचून मराठीत आले. सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवले होते: पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, खोलीची पावती, विमा, याच क्रमाने. त्यांनी शिक्का मारला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि मी त्या मिनिटाची महिनाभर धास्ती घेतली होती.

हनोईत घड्याळ दीड तास पुढे करायचं. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिम घेतलं, थोडे डॉलर बदलले. एका रुपयाचे साधारण २९० डोंग, त्यामुळे पहिल्या दिवशी लाखांत मोजताना गोंधळ होतो. वहीच्या मागच्या पानावर पन्नास हजार, एक लाख, पाच लाख यांचे रुपये लिहून ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. ८६ क्रमांकाची नारिंगी बस थेट जुन्या शहरात जाते, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरा दिवस ८ मार्चचा. महिला दिन तिथे घरच्या सणासारखा असतो हे मला माहीत नव्हतं. रस्त्यारस्त्यांवर फुलांचे ढीग, स्कूटरवर नवरे, मुलं गुच्छ घेऊन चाललेली. खोलीच्या मालकिणीने मलाही एक गुलाब दिला. त्या दिवशी मी व्हिएतनामच्या महिला संग्रहालयात गेले, तिकीट ४० हजार डोंग. खांद्यावरच्या कावडीत भाजी-फळं घालून पहाटे गावाकडून शहरात येणाऱ्या फेरीवाल्या बायकांबद्दल तिथे एक भाग आहे. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. साताऱ्याच्या मंडईत परळी खोऱ्यातून पाटी घेऊन येणाऱ्या मावश्यांना कुणी कधी विचारतं का, सोबत कोण आहे म्हणून? पोटासाठी बाई एकटी निघाली तर कुणाला खटकत नाही. माझ्या मनात तेव्हा हे आलं आणि अजूनही आहे.

खाण्याचं शाकाहारींनी एवढं लक्षात ठेवावं: दुकानावर 'चाय' असा शब्द दिसला की ते शाकाहारी. चहाशी त्याचा संबंध नाही. इतर ठिकाणी भाज्यांतही मासळीचा रस घालतात. मी मोबाइलवर भाषांतर करून वाक्य ठेवलं होतं, मासळीचा रस नको, अंडं नको. दोनदा चूक झाली, घास बाजूला ठेवला, चटणी-भात खाल्ला.

९ मार्चच्या संध्याकाळी हनोईहून हुए शहराला जाणारी रेल्वे. रात्रभराचा प्रवास, चार जणांचा बंद डबा, खालचा बर्थ, साधारण ३४०० रुपये. दार उघडलं तर आत तीन पुरुष. वागण्यात काही वावगं नव्हतं, एकाने माझी बॅग उचलूनही ठेवली. पण दार आतून लागतं आणि रात्र मोठी. माझ्या पोटात गोळा आला. पाचेक मिनिटं तशीच बसले, उगाच कुणाला वाईट वाटेल असं वाटत राहिलं. मग उठले, बोळात डब्याची कर्मचारी बाई होती, तिच्यासमोर मोबाइल धरला: "मी एकटी आहे. बायका असलेल्या डब्यात जागा मिळेल का?" तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता माझी बॅग धरून चालायला लागली. तीन दारं सोडून एका डब्यात एक आजी, तिची सून आणि वरच्या बर्थवर एक तरुण होता. तिने त्या तरुणाला काहीतरी सांगितलं, तो हसून माझ्या जागेवर निघून गेला. वरचा बर्थ मिळाला, गुडघे दुखले, पण झोप शांत लागली. भाषांतराचं ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं उतरवून ठेवा, डोंगरात नेट जातं. आणि भीती वाटली तर त्याच क्षणी विचारा. मी वाया घालवलेली ती पाच मिनिटं सगळ्या प्रवासात सर्वात वाईट होती.

सकाळी आजींनी मला चिकट भाताची पुडी दिली, मी त्यांना कंदी पेढा दिला. सुनेने ॲपवर विचारलं, वय किती. नंतर हाच प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारला. पहिल्यांदा खटकलं. मग सुनेनेच समजावलं: त्यांच्या भाषेत समोरच्याला नुसतं 'तुम्ही' म्हणता येत नाही. आपल्यापेक्षा मोठी असेल तर 'ची', म्हणजे ताई. लहान असेल तर 'एम'. आईच्या वयाच्या आसपासची असेल तर 'को', मावशी-आत्यासारखं. वय कळल्याशिवाय हाक मारता येत नाही. आपणही भाजीवालीला मावशी आणि कंडक्टरला दादा म्हणतोच की. त्यानंतर कुणी वय विचारलं की मी आनंदाने बोटांवर ५१ दाखवायचे आणि मला नातं मिळायचं.

हुएमध्ये दोन दिवस पाऊस होता, राजवाडा बघितला, पाय दुखले, फार लिहिण्यासारखं नाही. हुएहून दा नांगची रेल्वे मात्र दिवसाच घ्या. हाई वान घाटात एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. पूर्ण वेळ खिडकीशी उभी होते. दा नांगहून होई आन साधारण ३० किलोमीटर, ॲपवरून गाडी मागवली, गाडीचा क्रमांक लेकीला पाठवला. रोज रात्री नऊला घरी फोन आणि गाडीत बसलं की क्रमांक, एवढा नियम आम्ही ठरवला होता.

होई आनला पोहोचल्यावर मी दुसरं काही न बघता आधी शिंप्यांची दुकानं बघायला निघाले. तिसऱ्या दुकानात माझ्याच वयाची एक बाई मशीनवर बसली होती. मी बाहेर लावलेल्या आओ दायची, म्हणजे तिथल्या बायकांच्या पारंपरिक लांब पोशाखाची, बाही बघत उभी राहिले. खांद्यावर शिवणच नाही, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण येते, म्हणून हात वर केला तरी मुंढा ओढत नाही. ती बाहेर आली, मी पर्समधून माझी टेप काढली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. ती हसली. मग दोन तास कसे गेले कळलं नाही. तिची टेप सेंटिमीटरची, माझी इंचाची. तिने कागदावर बाहीचा कट काढून दाखवला, मी कटोरी ब्लाउजचे चार तुकडे काढून दाखवले. तिने माझं माप घेतलं तेव्हा लक्षात आलं की पंचवीस वर्षांत माझं माप दुसऱ्या कुणी घेतलेलंच नाही. मोरपंखी रेशमाचा आओ दाय, ४५०० रुपयांना. घासाघीस केली नाही, शिलाई काय असते ते मला माहीत आहे. "ची," तिने हाक मारली, वय माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी कमी निघालं.

१३ मार्चला आपल्याकडे होळी. होई आनमध्ये दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात, आणि ती रात्र नेमकी तीच होती. नदीवर कागदी दिवे सोडलेले. घरी व्हिडिओ कॉल केला, तिकडे अंगणात होळी पेटलेली, इकडे पाण्यावर दिवे. सासूबाईंनी मोबाइल जवळ घेऊन बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, आणि पौर्णिमा-अमावस्येला तिथले बरेच बौद्ध लोक मांस-मासळी खात नाहीत. सगळीकडे 'चाय'च्या पाट्या, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्याच दिवशी मीसनला गेले, गावापासून साधारण ४० किलोमीटर. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, शिळांवर संस्कृत लेख. इथल्या शंकराचं नाव भद्रेश्वर. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात उंच देऊळ पडलं. आपल्या पुरातत्त्व खात्याने काही मंदिरांचं जतनकाम केलं आहे, आणि त्याच कामात २०२० मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. शिखर शिंगणापूरला मी लहानपणापासून जाते. इथे घंटा नाही, गर्दी नाही, तरी हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या परदेशी बाईने फोटो काढू का विचारलं, मी हो म्हटलं. एकटीचे फोटो कमी येतात, कुणी विचारलं तर हो म्हणा.

१६ मार्चला दा नांगहून विमानाने हनोई, तिथून मुंबई. एकूण खर्च, चुकलेल्या व्हिसासकट, साधारण ८० हजार.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. आओ दाय हँगरवर लावून ठेवला होता. नेहमीच्या एक काकू ब्लाउजचं कापड घेऊन आल्या, बाहीला हात लावून बघितलं, मग दार लोटून घेत हळूच म्हणाल्या, "पासपोर्टला काय काय लागतं गं?" मी मापाच्या वहीतलं एक पान फाडलं. सोबत कोण आहे ते विचारलं नाही. वर त्यांचं नाव लिहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, तुमच्या लग्नाची नोंद झाली आहे का?"